सेकंदांचा हिशेब

एखाद्या चौकात वाहनांची कोंडी होऊ लागली की वृत्तपत्रांकडे वाचकांची पत्रे येतात, पेठांतील तालीम मंडळे महापालिकेला निवेदने देतात, आणि त्या सर्वांत एक मागणी हमखास असते : येथे सिग्नल बसवावा. मागणी रास्त असते आणि पुष्कळदा ती मान्यही होते. खांब उभे राहतात, फीत कापली जाते, दिवे लागतात. आणि महिना उलटला नाही तोच ते नागरिक ‘सिग्नल नव्हता तेव्हा बरे चालले होते’ असे म्हणू लागतात. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला किंवा ताराराणी चौकात रोज थांबणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला वा विद्यार्थ्याला या उद्गारात काही नवे वाटणार नाही. लोकांच्या अंगी शिस्त नाही, असे यावर एक ठरावीक उत्तर दिले जाते. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. दिवा बसविण्याआधी जे प्रश्न विचारावयास हवेत ते आपण विचारीत नाही, आणि दिवा बसल्यावर त्याच्याकडे हिशेब मागत नाही, हे त्याचे अधिक खरे उत्तर आहे.

हिशेब कसला, असे कोणी विचारील. दिवा जी वीज जाळतो तिचा नव्हे. दिवा जी वस्तू वाटतो तिचा. चौकातील सिग्नल म्हणजे वस्तुतः वेळेची वाटणी आहे. एका फेऱ्याचे नव्वद सेकंद धरले, तर त्यांतले स्टेशनकडून येणाऱ्यांना किती, गावातून बाहेर पडणाऱ्यांना किती, उजवीकडे वळणाऱ्यांना किती आणि पायी चालणाऱ्यांना किती, हे खांबाशेजारच्या त्या लोखंडी पेटीत कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. महापालिकेने एखाद्या मोकळ्या जागेची अशी वाटणी केली असती तर सभेत ठराव आला असता, हरकती मागविल्या गेल्या असत्या, दोन-चार सभासदांनी सभात्याग केला असता. सार्वजनिक वेळेची वाटणी मात्र मुकाट्याने होते आणि आपण ती मुकाट्याने सोसतो. ती पसंत पडली नाही की दिवा तोडून पुढे जातो. पण ती कोणी, कधी आणि कोणत्या मोजणीवरून केली, हे विचारीत नाही.

या यंत्राचा जन्म रेल्वेच्या घरातला. १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला. त्याची कल्पना जे. पी. नाइट या रेल्वेतल्या माणसाची. दिवसा रेल्वेसारखे वरखाली होणारे हात आणि रात्री गॅसवर जळणारे तांबडे-हिरवे दिवे, अशी त्याची रचना होती. शेजारी उभा राहून एक पोलीस शिपाई तो चालवीत असे. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो शिपाई भाजला आणि प्रयोग गुंडाळला गेला. विजेवरचे दिवे अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९१४ साली आले, आणि १९२० मध्ये डेट्रॉइटमधील विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने तांबड्या-हिरव्याच्या मध्ये पिवळा घातला. तांबडा नेहमी वर असतो तो उगाच नव्हे. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्यालाही जागेवरून खूण पटावी, म्हणून. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण एवढेच, की लंडनच्या त्या पहिल्या सिग्नलबरोबर पोलिसांनी जे जाहीर निवेदन काढले होते, त्यात वाहने अडवावयाची ती पायी जाणाऱ्यांना पलीकडे जाता यावे म्हणून, असे स्पष्ट म्हटले होते. वाहनांनी वाहनांची सोय पाहावी यासाठी सिग्नल जन्मास आला नाही. ज्याच्यासाठी तो आला, तो पादचारी आज आपल्या चौकात कोठे उभा आहे, हे पुढे पाहू.

वेळेच्या या वाटणीचे एक शास्त्र आहे आणि ते गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला समजण्यासारखे आहे. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ साली ते सूत्ररूपाने मांडले, आणि इंडियन रोड्स काँग्रेसने १९८५ मध्ये सिग्नलविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांतही त्याचाच आधार आहे. मोटार हे एकक धरावयाचे. दुचाकी म्हणजे साधारणतः अर्धी मोटार, बस वा ट्रक म्हणजे तीन मोटारी. चौकाच्या तोंडाशी रस्ता जितके मीटर रुंद, त्याला ५२५ ने गुणले की तासभर अखंड हिरवा दिवा राहिल्यास किती मोटारींएवढी वाहतूक बाहेर पडेल तो आकडा मिळतो. प्रत्येक दिशेकडून प्रत्यक्ष येणारी वाहतूक या आकड्याच्या किती पट आहे ते पाहावयाचे, त्या प्रमाणांची बेरीज करावयाची आणि त्यावरून फेरा ठरवावयाचा. या सूत्रातली खरी मेख त्याच्या छेदात आहे. बेरीज एकाच्या जवळ गेली की छेद शून्याकडे सरकतो आणि फेरा अनंताकडे. सोप्या भाषेत सांगायचे तर, चौकात जितके मावते त्याहून अधिक येऊ लागले की कोणताही दिवा, मग तो कितीही ‘स्मार्ट’ असो, काही करू शकत नाही. शिवाय दिशा बदलताना दर वेळी काही सेकंद फुकट जातात : थांबलेली वाहने हलायला वेळ लागतो, मधली वाहने निघून जायलाही लागतो. जितक्या दिशांना वेगळी पाळी द्यावी तितकी ही घट वाढत जाते.

आता ही मांडणी आपल्या गावाला लावून पाहावी. कोल्हापूर हे आखून वसविलेले शहर नव्हे. जुने गाव तटबंदीच्या आत होते. त्या तटाचा एक तुकडा बिंदू चौकात अजून उभा आहे, आणि गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थवेश ही नावे वेशी गेल्यावरही राहिली आहेत. वेशीतून आत शिरणारा रस्ता वाकडाच असावयाचा. शत्रूला सरळ घुसता येऊ नये, हाच त्याचा हेतू. गावात रस्त्यांना रस्ते काटकोनात मिळत नाहीत, ते तिकटीवर मिळतात. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी ही नावे उच्चारताच परगावच्या अभियंत्याला काय सांगावयाचे ते सांगून होते. चार सरळ बाजूंच्या चौकासाठी केलेली वेळेची वाटणी अशा ठिकाणी नुसती उचलून आणून बसवली तर ती बसत नाही. एखाद्या बाजूला वाहनेच नसतात आणि तिचा हिरवा दिवा मोकळ्या रस्त्यावर प्रकाश पाडीत राहतो. दुसरीकडे रांग मागच्या चौकापर्यंत जाते. स्टेशन रोडवरचे चौक तर इतके जवळजवळ आहेत की एका दिव्याचा दुसऱ्याशी मेळ नसेल, तर येथून सुटलेला माणूस तेथे अडकण्यासाठीच सुटतो.

शिवाय या शहराची वाहतूक बारमाही एकसारखी नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणारी गर्दी वेगळी, चैत्रात जोतिबाच्या यात्रेची वेगळी, मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्यांची वेगळी. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याच्या कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून, वळणावर ज्या संथपणे वळतात, त्याला कोणत्या मोटारीच्या किती पट धरावे हे ठरविणे अवघड आहे. अशा एका वळणात हिरव्या दिव्याची अख्खी पाळी संपते. ज्या पेटीत वर्षभर एकच वेळापत्रक आहे, तिला यांतले काहीच ठाऊक नसते. जूनमधल्या एखाद्या मंगळवारी केलेली मोजणी ऑक्टोबरातल्या अष्टमीला उपयोगी पडेल, असे कोण म्हणेल?

आणि मोजणीइतकीच, किंबहुना तिच्याही आधीची गोष्ट म्हणजे चौकाचे तोंड. वर सांगितलेला ५२५ चा हिशेब पुन्हा घेऊ. चौकाशी येणारा रस्ता नऊ मीटर रुंद आहे आणि फेऱ्यातला एक तृतीयांश वेळ त्याला हिरवा मिळतो, असे समजा. तासाला १,५७५ मोटारींएवढी वाहने तेथून निघतील. आता त्या कोपऱ्यावर एक रिक्षा उभी आहे, तिच्यामागे वडापची जीप ‘एकच सीट’ म्हणून थांबली आहे, शेजारी फळांची गाडी आहे. अडीच मीटर गेले. उरलेल्या साडेसहा मीटरांतून तासाला ११४० देखील निघत नाहीत. चारशेहून अधिक मोटारींएवढी जागा अडीच मीटरांत गडप झाली, आणि दिव्याचा यात काडीइतका दोष नाही. फळवाल्याला हुसकून लावा, असे येथे सुचवावयाचे नाही. त्याचे पोट त्या कोपऱ्यावर आहे आणि रिक्षावाल्याचेही. त्यांना चौकापासून पन्नास-साठ मीटर मागे जागा आखून द्यावी, केएमटीचे थांबे कोपऱ्यावरून मागे घ्यावेत, ही कामे खांब उभारण्याहून कितीतरी स्वस्त आहेत. ती होत नाहीत. कारण त्यांत फीत कापता येत नाही.

आता त्या पादचाऱ्याकडे वळू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच बळींत जवळजवळ एक असा, की ज्याच्या हाती ना सुकाणू ना ब्रेक. निम्म्याच्या आसपास बळी दुचाकीवरचे होते, आणि दुचाकींनी भरलेल्या आपल्या शहराने तो आकडाही विसरू नये. पण दुचाकीस्वाराला निदान दिव्यात त्याची पाळी असते. पादचाऱ्याला ती कोठे आहे? बहुतेक चौकांत त्याच्यासाठी वेगळा दिवा नसतो. असला तर दिसत नाही. दिसला तर तो लागला असताना डावीकडचे मोकळे वळण घेणारी वाहने त्याच्या अंगावर येत असतात. ‘डावे वळण मोकळे’ हा नियम वाहनचालकाच्या सोयीचा आहे, पण त्याचा हिशेबी अर्थ असा, की पायी जाणाऱ्याला फेऱ्यातला एकही सेकंद निर्वेध मिळत नाही. चौकात सर्वांना वाटणी, आणि ज्याच्यासाठी ही वाटणी जन्मास आली त्याच्या वाट्याला शून्य!

हे शून्य भरावयाचे तर किती लागते? चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. पंधरा मीटर रुंदीचा रस्ता त्या वेगाने ओलांडावयास साडेबारा सेकंद लागतात. पण हा वेग धडधाकट माणसाचा. सीपीआर रुग्णालयाच्या चौकात जो नातेवाईक आजारी माणसाचा हात धरून रस्ता ओलांडतो, त्याचा वेग ०.८ मीटर धरला तर तेच अंतर सुमारे एकोणीस सेकंदांचे होते. म्हणजे रुग्णालयासमोरच्या चौकात आणि महाविद्यालयासमोरच्या चौकात एकच आकडा लावणे हा अन्याय आहे; आणि हा फरक सव्वासहा सेकंदांचा, म्हणजे चालकाला एक आळस देण्याइतक्या वेळेचा आहे. मुंबईत २०२० साली दादरच्या परिसरातील पादचारी दिव्यांवर पुरुषाच्या आकृतीबरोबर स्त्रीची आकृतीही झळकली, तेव्हा तिची चर्चा खूप झाली. चांगलेच झाले. पण ती आकृती स्त्रीची की पुरुषाची याच्याइतकीच, ती हिरवी किती वेळ राहते याची चर्चा झाली असती तर अधिक बरे वाटले असते.

ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या हुकुमाने २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, त्या संस्थानाच्या राजधानीला ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ बाहेरून कोणी शिकवावा लागू नये. उपमा ताणण्याची इच्छा नाही. शतकांच्या अन्यायाची आणि चौकातल्या खोळंब्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु दुबळ्याचा वाटा बलवानाच्या सौजन्यावर सोडू नये, तो आधी बाजूला काढून ठेवावा आणि मग उरलेले वाटावे, ही रीत या मातीतली आहे. चौकाच्या नव्वद सेकंदांतही हीच रीत लागू करण्यास हरकत कोणती?

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नेदरलँड्समधील द्राख्तेन या गावी हान्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्याने एका गजबजलेल्या चौकातले दिवेच काढून टाकले. दिवे गेले, चौकाचे रूप बदलले, आणि चालक एकमेकांच्या नजरेकडे पाहून सावकाश जाऊ लागले. मग आपणही दिव्यांचा नाद का सोडू नये? नजरेला नजर भिडवून पुढे घुसण्याची कला कोल्हापूरकरास शिकविण्याची आवश्यकता नाही, हे सोडले तरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तेथे दिवे काढण्याबरोबरच वेग उतरवून ठेवला गेला होता, आणि चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना त्यांची जागा आखून दिली होती. आपल्याकडे ही दोन्ही नाहीत. मात्र या प्रयोगातून घेण्यासारखे एक आहे : प्रत्येक चौकाला दिवा हवाच असे नाही. लहानशा तिकटीवर एखादा गतिरोधक, ठळक पट्टे आणि कोपऱ्यावरची मोकळी नजर एवढ्यानेही काम भागते. सिग्नल बसविण्यापूर्वी दिवसातल्या आठ तासांची वाहतूक, पादचाऱ्यांची संख्या आणि अपघातांची नोंद पाहावी असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, ते याचसाठी. निवेदनाखालच्या सह्यांची संख्या हा त्यांतला निकष नाही.

दिव्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. ३ जून २०२४ रोजी भर दुपारी सायबर चौकात एका भरधाव मोटारीने दुचाकीस्वारांना उडविले आणि माणसे प्राणास मुकली, तो प्रसंग शहर विसरलेले नाही. दिवा पाळी ठरवितो, वेग ठरवीत नाही. वेगाला आवर घालावयाचा तो रस्त्याच्या रचनेने आणि कायद्याने.

राहिली शिस्तीची गोष्ट. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते, आणि त्याला दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. तरी तो ओलांडला जातो. याचे एक कारण आपला उतावळेपणा, हे कबूल. दुसरे असे, की जो दिवा मोकळ्या रस्त्यावर दीड मिनिट उभे करतो, जो आठवड्यातून दोन दिवस बंद असतो, जो हिरवा असताना पोलीस हात आडवा करतो आणि तांबडा असताना ‘चला, चला’ म्हणतो, त्या दिव्याचा मान हळूहळू जातो. कायद्याने पोलिसाचा हात दिव्याहून श्रेष्ठ आहे. पण रोजच हात वापरावा लागत असेल तर पेटीतली वाटणी चुकलेली आहे, याचा तो पुरावा समजावयास हवा. त्या उन्हाधुळीत उभ्या असलेल्या शिपायाला हे कोणी विचारले तर, कोणत्या बाजूला किती सेकंद हवेत, ते तो कागदपेन्सिलीवाचून सांगेल.

याच शहराने टोलविरोधी लढ्यात काय केले ते आठवावे. सुमारे पन्नास किलोमीटरांचे रस्ते झाले होते, त्यांची किंमत टोलने वसूल व्हावयाची होती. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या मागे पेठा उभ्या राहिल्या, आणि काम काय झाले, कोणत्या दर्जाचे झाले, पैसे कशाचे, असे सामान्य माणूस विचारू लागला. २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. रुपयांचा हिशेब असा मागणारे हे शहर सेकंदांच्या बाबतीत इतके उदार का, याचे नवल वाटते. रुपया एकदा गेला तर पुन्हा मिळविता येतो.

म्हणून मागणी करावयाची तर ‘सिग्नल बसवा’ एवढीच करू नये. प्रत्येक चौकाच्या खांबावर एक साधी पाटी लावावी : फेरा किती सेकंदांचा, कोणत्या दिशेला किती, पादचाऱ्याला किती, मोजणी शेवटची कोणत्या महिन्यात झाली आणि दिवा बंद पडल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावे. मोजणीला पैसे नाहीत, असे उत्तर आले तर त्यालाही उपाय आहे. शहरात शिवाजी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, संख्याशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आहेत. वर्षातून तीन वेळा, एकदा नवरात्रात, एकदा उसाच्या हंगामात आणि एकदा शाळा भरल्यावर एखाद्या साध्या आठवड्यात, विद्यार्थ्यांच्या तुकड्या चौकाचौकांत वह्या घेऊन उभ्या राहिल्या तर त्यांचा अभ्यासही होईल आणि महापालिकेला आकडेही मिळतील. पहिली मोजणी सीपीआरच्या चौकात करावी. आणि वहीत वाहनांच्या रकान्यांआधी एक रकाना औषधाची चिठ्ठी हातात घेऊन रस्ता ओलांडणाऱ्यांचा आखावा.